आरोपीने मान हलवली

दुभाष्याचं बोलणं आरोपीला कळतं की नाही, हे कोर्टात दुभाष्याकडूनच विचारून घेतात. थट्टा करत नाही, माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आरोपीला विचारा, तुमचं बोलणं त्याला नीट समजतं का." दुभाषी आपल्या भाषेत काहीतरी म्हणाले. काचेच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या भावाने मान हलवली. दुभाषी वळून म्हणाले, "हो म्हणतोय." लेखनिकाने ते टिपून घेतलं आणि माझ्या भावाचा खटला तिथेच संपला. पुढे वर्षभर जे चाललं ती नुसती आवराआवर होती.

आम्ही दोघं इथले नाही. आधी मी आले, कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात मशीनवर बसले, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालता घालता इथली भाषा शिकले. मग धाकट्याला बोलावून घेतलं. लहानपणापासून त्याला आम्ही घुम्या म्हणतो. एक शब्द काढायचा म्हणजे त्याच्या पदरचं काही जातं जणू. त्याला एका मोठ्या लॉन्ड्रीत काम मिळालं. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. तो बॉयलरवर होता. इथली भाषा शिकायची त्याला गरजच पडली नाही, कारण बॉयलर कुठलीच भाषा बोलत नाही.

आमची भाषा बोलणारे या शहरात शोधून सापडायचे नाहीत. कोर्टाने म्हणे खूप शोध घेतला. शेवटी आमच्या डोंगरापलीकडच्या मुलखातले एक निवृत्त शिक्षक आणून बसवले. त्यांची भाषा आणि आमची भाषा लांबून ऐकली तर सख्ख्या बहिणी वाटतात. बाजारात भाजी घेण्यापुरतं त्यांचं आम्हाला आणि आमचं त्यांना कळतं. पण माणूस कसा मेला आणि कोणामुळे मेला, हे बोलायला भाजीबाजारातली भाषा पुरत नाही.

मग घुम्याने मान का हलवली? कोर्टात कोणालाच हा प्रश्न पडला नाही, म्हणून मीच सांगते. त्या लॉन्ड्रीत धुण्याची मोठी पिंपं दिवसभर गरगरत असतात. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. सुपरवायझर येतो, त्याचं तोंड हलताना दिसतं, आपण मान हलवायची, मग तो पुढच्या माणसाकडे जातो. त्या मान हलवण्याचा अर्थ एवढाच, की तू आलास, मी तुला पाहिलं, आता जा. "काय म्हणालात?" असं विचारणारा माणूस तिथे टिकत नाही. भांडण न होता तो हळूच कामावरून गळतो. लॉन्ड्रीतले सगळेच हलवतात मान. परक्या गावात पोट भरणाऱ्यांची मान तशी सैलच असते, माझीसुद्धा आहे. पण घुम्याचं काय झालं, की समोरच्याचं तोंड हलताना दिसलं की त्याची मान आपोआप हलायची. घरी मी जेवायला वाढताना बोलत असले तरीसुद्धा. मी त्याला चिडवायचे, "काय बोलले मी आत्ता, सांग बघू." तो नुसता हसायचा.

एका थंडीतल्या दुपारी बॉयलर फुटला. मधली भिंत कोसळली आणि भिंतीपलीकडे चादरींच्या घड्या घालणारी मावशी गेली. आमच्या नात्यागोत्यातली नव्हती ती, सगळेच तिला मावशी म्हणायचे. आपल्या डब्यातलं अर्धं ती रोज घुम्यापुढे सारायची. एकमेकांचं अक्षर न कळता दोघं शेजारी बसून जेवायचे. वाफेत घुसून तिला बाहेर ओढलं ते घुम्याने. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. हॉस्पिटलातून पट्टी बांधून सोडला तो सरळ पोलिसांच्या गाडीत. सुपरवायझरने सांगितलं होतं, की बॉयलर तापलाय, बंद कर, असं मी याला बजावलं, आणि याने ऐकलं नाही. म्हणून मावशीच्या मरणाचा आरोप घुम्यावर.

त्या दुपारी खरं काय झालं, हे घुम्या मला कोठडीतल्या भेटीत सांगेल, असं मी धरून चालले होते. तिथे गेल्यावर कळलं, की भेटीत जे बोलायचं ते पहाऱ्यावरच्या शिपायाला कळेल अशा भाषेत बोलायचं. आमच्या भाषेत पहिलं वाक्य काढलं तर शिपाई टेबलावर काठी आपटून म्हणाला, "ते नाही चालणार. पुन्हा बोललात तर भेट बंद." मग काय करणार? मी इथल्या भाषेत विचारायचे, "जेवतोस का?" तो मान हलवायचा. "हात दुखतो का?" मान. बाकीचा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. त्याने पत्रंही लिहिली असणार, पण ती वाचून तपासायला आमची भाषा येणारं कोणी नव्हतं. ती आतच कुठेतरी पडून राहिली.

मी सरकारने दिलेल्या वकीलबाईंकडे गेले. "मी सांगते ना भाषांतर करून. दोन्ही भाषा येतात मला." वकीलबाई वयाने माझ्यापेक्षा लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात दुसऱ्याच कोणाचे तरी कागद. म्हणाल्या, "तुम्ही सख्ख्या बहीण आहात. उद्या तुम्ही पदरचं घालून सांगितलं तर? कोर्ट नाही परवानगी देणार." बरोबर आहे, मी म्हटलं. बहिणीवर विश्वास ठेवू नये. पण मग ज्याला कळत नाही त्याच्यावर कसा ठेवता? यावर त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, की पुढची केस उभी राहिली, येते मी.

सुपरवायझरची साक्ष होती त्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले होते. दुभाषीगुरुजींची खुर्ची न्यायाधीशबाईंच्या मेजाजवळ, घुम्या पार दुसऱ्या टोकाला काचेमागे. साक्ष सुरू झाली तरी गुरुजी आपले हाताची घडी घालून स्वस्थ. मी वकीलबाईंना मागून ओढणी धरून सांगितलं, "त्याला सांगत नाहीयेत काही." त्या उठल्या, चाचरत म्हणाल्या, की आरोपीला साक्ष समजत नाही बहुतेक. न्यायाधीशबाई काही दुष्ट नव्हत्या. घसा बसलेला, समोर ढीगभर काम. त्यांनी विचारलं, "तुम्हाला समजतेय ना? तुम्ही त्याच्या वकील आहात. आरोपीला काही विचारायचं असेल तेव्हा दुभाषी आहेतच. साक्षीचा सारांश मध्यंतरात सांगा त्याला. चला पुढे." वकीलबाई बसल्या. मला वाटलं त्या आणखी काही बोलतील, पण त्या बसल्या त्या बसल्याच.

सुपरवायझर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पढवल्यासारखं धडाधड बोलत होता. "मी बॉयलरपाशी गेलो. काटा वर चढला होता. मी याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, बंद कर. त्यानं मान हलवली. मी निघालो आणि पाठीमागे स्फोट झाला." सरकारी वकिलाने पुन्हा विचारलं, "मान हलवली? म्हणजे त्याला समजलं होतं?" सुपरवायझर म्हणाला, "समजलं म्हणून तर हलवली ना."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. समोर काचेमागे घुम्या त्या सुपरवायझरकडे शांतपणे पाहत उभा. जणू ओळखीचा माणूस टीव्हीवर दिसतोय आणि आवाज बंद आहे. आपल्या गळ्याला फास लावताहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी उठून ओरडले, आमच्या भाषेत, "घुम्या! हा म्हणतोय की..."

तेवढंच. पट्टेवाल्याचा हात माझ्या दंडावर पडला, न्यायाधीशबाईंनी मेजावर थाप मारली, सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. घुम्याने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड हलताना दिसलं त्याला. त्याने मान हलवली.

मला बाहेर काढलं आणि निकालापर्यंत आत यायला बंदी घातली. बाहेरच्या लांबलचक बोळात भिंतीला चिकटलेला एक लाकडी बाक होता. पुढचे सगळे दिवस मी त्या बाकावर काढले. दार उघडलं की आतला आवाज यायचा, मिटलं की जायचा. त्याच दिवशी मध्यंतरात गुरुजी पाय मोकळे करायला बाहेर आले. स्वच्छ पांढरे केस, कोपरावर ठिगळ लावलेला कोट. ठिगळ चांगलं लावलं होतं, कोणी तरी मायेने. मी वाट अडवली.

"गुरुजी, सारांश सांगितलात का त्याला?"

"सांगितला, ताई."

"सकाळभर चाललेली साक्ष तुम्ही पाणी पिऊन होईपर्यंत सांगून मोकळे?"

ते खाली बघायला लागले. "मला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं."

"खरं सांगा, त्याचं बोलणं तुम्हाला कळतं का?"

"सावकाश बोलला तर बरंचसं कळेल."

"बोलतो का सावकाश?"

"तो बोलतच नाही, ताई. मान हलवतो."

"मग आत जाऊन सांगा ना तसं! म्हणावं, मला याची भाषा येत नाही, दुसरा माणूस आणा."

गुरुजी माझ्या शेजारी बाकावर बसले. फार थकलेले दिसले. "मागे एका खटल्यात सांगितलं होतं मी तसं," ते म्हणाले. "तारखा पडत गेल्या. नवा माणूस शोधत राहिले. आरोपी बिचारा तोवर कोठडीत. शेवटी त्यांना माणूस मिळाला. कोण, सांगू? मीच. त्यांना वाटलं, मधल्या काळात मी शिकलो असेन." ते हसले. मलाही हसू आलं, आणि मग दोघांनाही लाज वाटली.

त्यांना शिव्या घालायचं मी ठरवून बसले होते. जमलं नाही. या सगळ्या इमारतीत एक जरी पाजी माणूस सापडला असता तर बरं झालं असतं, त्याच्या नावाने बोटं मोडून मला झोप तरी लागली असती. पण जो तो आपापल्या जागी बरोबर होता. शिपायाला नियम होता, न्यायाधीशबाईंना वेळ नव्हता, वकीलबाईंना पुढची केस होती, गुरुजींना दया येत होती. आणि दार मिटून आत काम चाललं होतं.

निकालाच्या दिवशी मला शेवटच्या रांगेत बसू दिलं. निकाल वाचताना गुरुजी काचेजवळ उभे राहून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. घुम्या अधूनमधून मान हलवत होता. नऊ वर्षं. मी घुम्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

संध्याकाळी तळघरातल्या कचेरीतून मला बोलावणं आलं. तिथल्या कारकूनबाई ट्यूबलाइटखाली पर्स आवरत होत्या. घुम्या बाकावर बसला होता, शेजारी शिपाई. बाई म्हणाल्या, "दुभाषी गेले हो त्यांची वेळ संपली म्हणून. आणि शिक्षा समजल्याबद्दल याची सही हवीय मला, त्याशिवाय तुरुंगाची गाडी सुटत नाही. तुम्हाला येते ना याची भाषा? सांगता का तेवढं?"

"मी बहीण आहे त्याची," मी म्हटलं. "मी सांगितलेलं चालत नाही ना?"

"छे हो, आता काय," बाई म्हणाल्या. "आता निकाल लागलाय."

मी घुम्यासमोर बसले. किती तरी महिन्यांनी मला त्याच्याशी आमच्या भाषेत बोलायची परवानगी मिळाली होती. पहिला शब्द ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

"ताई! कधीपासून बोलली नाहीस."

"घुम्या, नऊ वर्षं झाली तुला."

"कशाची?"

त्याला वाटत होतं, आजही नुसती तारीखच होती. मी सगळं सांगितलं. मावशीच्या मरणाचा आरोप, निकाल, आणि सुपरवायझरची साक्ष शब्दाला शब्द, खांद्यावर ठेवलेल्या हातासकट. घुम्या ऐकत होता. या वेळी मान हलत नव्हती. सुपरवायझरचं ऐकून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"खांद्यावर हात? कधी? तो तर आत नव्हताच. बाहेर फाटकावर टेम्पोतून चादरी उतरवून घेत होता. टेम्पोवाल्या काकांना विचार, ते होते ना त्याच्याबरोबर. काटा वर चढलेला मी पाहिला, मीच आग बंद केली आणि त्याला बोलवायला फाटकाकडे धावलो. अर्ध्या वाटेत आवाज झाला. मग मावशीसाठी परत फिरलो."

मी डोकं धरलं. "अरे, मग हे बोलला का नाहीस?"

"कोणाला? कोणी विचारलंच नाही."

"गुरुजींनी विचारलं ना तुला! वकीलबाईंनी त्यांच्याकडून विचारलं, सुपरवायझर म्हणतो तसंच झालं का म्हणून. त्यांनीच सांगितलं मला."

"ते म्हातारबाबा?" घुम्याने आठवून पाहिलं. "त्यांचं 'बॉयलर' तेवढं कळायचं. मला वाटलं, हाताचं विचारताहेत. बॉयलरने भाजलं का म्हणून. मी हो म्हटलं."

कारकूनबाई पर्सची चेन लावून उभ्या होत्या. "काय म्हणतोय?"

मी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चेहराही जरा उतरला त्यांचा. म्हणाल्या, "हे इथे नाही हो सांगायचं. इथे मला फक्त शिक्षा समजली का एवढंच हवंय. समजली का त्याला?"

मी घुम्याकडे वळले. "समजली का रे?"

घुम्याने मान हलवली.

आणि मीच बाईंकडे बघून म्हणाले, "हो म्हणतोय."

त्यानंतर मी टेम्पोवाल्या काकांना शोधलं. लॉन्ड्री बंद पडली होती, ते आता फर्निचर वाहत होते. सुपरवायझरची साक्ष मी सांगितली तशी ते हातातली खुर्ची खाली ठेवून म्हणाले, "अगं, तो माझ्याशीच तर भांडत होता तेव्हा, चादरी कमी आल्या म्हणून! मला कोणी विचारलंच नाही." ते आले, लेखी जबाबावर सही केली, वरच्या कोर्टात उभं राहायची तयारी दाखवली. वकीलबाईंनी अपील केलं, या वेळी जीव तोडून केलं. मला पहिल्यांदा नीट भूक लागायला लागली. घुम्याचे धुतलेले शर्ट मी कपाटातून काढून पुन्हा धुतले.

वरच्या कोर्टाने तीन वयस्क न्यायाधीश बसवून अगदी शांतपणे सांगितलं, की सुपरवायझर बाहेर होता ही गोष्ट आरोपीला खटल्याच्या वेळीच माहीत होती. ती त्याने तेव्हाच सांगायला हवी होती. दुभाषी समजतो का, असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आरोपीने मान हलवली. साक्षीचा सारांश समजला का, असं विचारलं होतं, आरोपीने मान हलवली. कोणतीही तक्रार नोंदलेली नाही. सबब नव्या साक्षीदाराला ऐकण्याचं कारण नाही. काका बाहेर बाकावर नवा शर्ट घालून बसले होते, त्यांना आत बोलावलंसुद्धा नाही.

पायऱ्या उतरताना वकीलबाई रडल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी बसायला नको होतं. भांडायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." खोटं कशाला बोलू? मग त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून दिला, कारण त्यांना गाड्या दिसत नव्हत्या.

आता मी महिन्यातून एकदा तुरुंगात जाते. भेटीचा नियम तोच आहे, शिपायाला कळेल तेच बोलायचं. घुम्याच्या हाताची कातडी नवी आली आहे, गुलाबी, लहान मुलासारखी. मागच्या भेटीत तो येऊन बसला तोच मुळी हसत. आत इथली भाषा शिकवायचा वर्ग सुरू झाला आहे, आणि त्याने नाव घातलं आहे. मला ते त्याने अर्धं शब्दांनी, अर्धं हातांनी सांगितलं. मग सरळ बसला, घसा साफ केला आणि इथल्या भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत, म्हणाला:

"माफ करा. मला समजलं नाही. पुन्हा सांगता का?"

पहिल्याच धड्यात ते शिकवतात म्हणे.

"वा!" पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला. "एकदम साफ बोलतोय की." त्याला मनापासून कौतुक वाटलं होतं. घुम्या माझ्याकडे बघत राहिला, भुवया उंचावून, लहानपणी पाढा म्हणून झाल्यावर बघायचा तसा. बरोबर आलं का, असं विचारत होता.

मी मान हलवली.